पंच (पेय)

पंच हे मद्य, साखर, लिंबाचा रस, पाणी आणि मसाला यांच्या मिश्रणातून तयार होणारे पेय आहे. मोठ्या वाडग्यात एकदम पुष्कळ प्रमाणात तयार करून ते अनेकांना वाटून देण्याची रीत आहे. मद्य न घालता केवळ फळांच्या रसांपासून केलेल्या पेयालाही आज 'फ्रूट पंच' म्हणतात. हे नाव सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या हिंदुस्थानातील वखारींत आणि जहाजांवर वावरणाऱ्या युरोपीय लोकांच्या लिखाणात प्रथम आढळते. भारतीय भाषांतील 'पाच' या अर्थाच्या शब्दावरून, म्हणजे घटकांच्या संख्येवरून ते पडले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. बहुतेक शब्दकोश हीच व्युत्पत्ती देतात. मात्र ती निर्विवाद नाही. पेयाच्या जुन्या वर्णनांत घटकांची संख्या स्थिर नाही आणि शब्दाच्या उच्चाराचाही प्रश्न आहे.

नावाचा रूढ अर्थ

रूढ स्पष्टीकरणानुसार पंचमध्ये मद्य, आंबट रस, गोड पदार्थ, पाणी आणि मसाला असे पाच घटक असतात. मसाल्याच्या जागी काही ठिकाणी चहा सांगितला जातो. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज खलाशांना व व्यापाऱ्यांना हे मिश्रण परिचित झाले आणि त्यांनी एतद्देशीय संख्यावाचक शब्दच पेयाला दिला, असे हे स्पष्टीकरण सांगते. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांच्या १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशाने ते स्वीकारले. पुढे पाककृतींची पुस्तके, मद्यालयांच्या पत्रिका आणि शालेय सामान्यज्ञानाची पुस्तके यांतून ते सर्वत्र पसरले.

भारतीय वाचकाला हा अर्थ चटकन पटतो, कारण पदार्थांची संख्या मोजून मिश्रणाला नाव देण्याची पद्धत त्याच्या परिचयाची आहे. दूध, दही, तूप, मध व साखर यांचे पंचामृत, गणपतीच्या नैवेद्याचे पंचखाद्य, वैद्यकातील व विधींतील पंचगव्य ही त्याची उदाहरणे होत. परंतु ही ओळखच व्युत्पत्तीच्या विचारात अडचणीची ठरते. एखादे स्पष्टीकरण सहज पटते म्हणून ते खरे ठरत नाही. पंचामृत हे नाव आधी ठरलेल्या पाच पदार्थांना दिलेले आहे. पंचच्या बाबतीत मात्र नाव आधी आढळते आणि पाच घटकांची मोजणी नंतर, हे पुढील नोंदींवरून दिसते.

'पाच' आणि 'पंच'

या चर्चेत 'पाच' आणि 'पंच' ही दोन रूपे वेगळी धरणे आवश्यक आहे. मराठीत मोजताना 'पाच' हे तद्भव रूप वापरले जाते. 'पंच' हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले रूप प्रामुख्याने समासाच्या आरंभी येते: पंचांग, पंचपक्वान्न, पंचमहाभूते, पंचक्रोशी. एकट्याने वापरलेल्या 'पंच' शब्दाचा मराठीत अर्थ संख्या असा नसून निवाडा करणारा मनुष्य असा आहे. पाच जणांच्या मंडळावरून तो अर्थ आला. पंचायत व पंचनामा हे शब्द त्याच कुळातले.

समासातील 'पंच' मराठीत किती जुना आहे, याचे एक उदाहरण अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासा या गावाशी निगडित आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० च्या सुमारास, प्रवरेच्या काठी वसलेल्या नेवाशात ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली. ग्रंथाच्या अखेरीस स्थळाचा निर्देश करताना त्यांनी या क्षेत्राला 'पंचक्रोश' हे विशेषण लावले आहे. येथील महालया म्हणजेच मोहिनीराज हे दैवत. समुद्रमंथनानंतर विष्णूने मोहिनीरूप घेऊन अमृत वाटले ते याच ठिकाणी, अशी स्थानिक आख्यायिका आहे. पाच कोसांच्या परिसराला पंचक्रोशी म्हणण्याची रीत आजही ग्रामीण महाराष्ट्रात जिवंत आहे. बोलणाऱ्याच्या मनात त्या वेळी पाच हा आकडा असतोच असे नाही. आसपासची गावे एवढाच अर्थ अनेकदा अभिप्रेत असतो. संख्येपासून सुरू झालेला शब्द संख्या विसरून जगू शकतो, ही गोष्ट पंच या पेयाच्या नावाचा विचार करतानाही उपयोगी पडते.

मराठी 'पाच'चा उच्चार हा आणखी एक मुद्दा आहे. या शब्दातील 'च' दंततालव्य आहे. 'चाक', 'चोर' या शब्दांप्रमाणे तो 'त्स'कडे झुकतो. 'पंच'मधील 'च' मात्र 'चंद्र'मधल्यासारखा तालव्य आहे. मराठी माणसाने उच्चारलेला 'पाच' इंग्रजी कानाला 'पात्स' असा ऐकू आला असता आणि त्यातून 'पंच' निघणे अवघड झाले असते. हिंदुस्थानी व गुजराती 'पांच' यांत नासिक्य स्वर आणि तालव्य 'च' हे दोन्ही आहेत. फारसीत पाचला 'पंज' म्हणतात. त्यामुळे इंग्रजी शब्दाचा उगम या संख्येत असलाच, तर तो थेट मराठी 'पाच'मध्ये असण्यापेक्षा हिंदुस्थानी किंवा गुजराती रूपात, अथवा संस्कृत 'पंच'मध्ये असण्याची शक्यता अधिक आहे. 'पंच हा इंग्रजीने घेतलेला मराठी शब्द आहे' असे विधान कधीकधी केले जाते. ते या अर्थाने घाईचे ठरते.

सर्वांत जुन्या नोंदी

इंग्रजीत या पेयाचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख २८ सप्टेंबर १६३२ च्या एका पत्रात आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील रॉबर्ट अ‍ॅडम्स याने ते पेटापोली येथील कंपनीच्या व्यापाऱ्याला लिहिले होते. पेटापोली म्हणजे आजच्या आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावरील निजामपट्टणम. पत्रात पंच पिण्याचा उल्लेख ओझरता येतो. पेयात काय असते हे सांगितलेले नाही आणि शब्दाचा अर्थही दिलेला नाही. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला तो माहीत होता, असाच याचा अर्थ होतो. म्हणजेच कंपनीच्या माणसांत हा शब्द १६३२ पूर्वीच रुळला असला पाहिजे. पेटापोली हा तेलुगू भाषेचा प्रदेश आहे आणि तेलुगूत पाचला 'अइदु' म्हणतात. संख्येवरून नाव पडले असे मानायचे, तर ते अन्यत्र पडून जहाजांबरोबर तेथे पोहोचले असे मानावे लागते. कंपनीचे लोक एका वखारीतून दुसरीकडे सतत जात असल्यामुळे ते अशक्य नाही.

पेयाचे वर्णन देणारी पहिली महत्त्वाची नोंद पश्चिम किनाऱ्याकडची आहे. योहान आल्ब्रेख्त फॉन मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी १६३८ मध्ये इराणच्या आखातातून इंग्रजांच्या जहाजाने सुरतेला आला. त्याच्या प्रवासवर्णनात 'पालेपुंट्झ' या पेयाचा उल्लेख आहे. मद्यार्क, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर हे त्याचे घटक तो देतो. हे चार होतात. 'पालेपुंट्झ' हे रूप 'वाडगाभर पंच' या अर्थाच्या इंग्रजी शब्दप्रयोगाचा अपभ्रंश मानले जाते. शेवटच्या 'त्झ'मध्ये मराठी 'पाच'चा दंततालव्य उच्चार शोधण्याचा मोह होऊ शकतो. परंतु मांडेल्स्लोने हा शब्द इंग्रजांकडून ऐकला होता आणि इंग्रजी 'च'साठी जर्मन लेखनात सोयीचे एकच अक्षर नव्हते, हे लक्षात घेता त्या आधारावर काही सिद्ध होत नाही.

फ्रेंच प्रवासी ला बुले-ल-गूझ याचे प्रवासवर्णन १६५३ मध्ये निघाले. त्याने 'बोलेपोंज' हा इंग्रजी शब्द असून हिंदुस्थानातील इंग्रजांच्या एका पेयाचे ते नाव आहे असे सांगितले आहे. साखर, लिंबाचा रस, मद्य, जायपत्री आणि भाजलेले बिस्कीट हे त्याने दिलेले घटक आहेत. हे पाच भरतात खरे, पण रूढ यादीतले पाणी त्यात नाही आणि बिस्कीट रूढ यादीत नाही. त्यानंतर काही वर्षांनी फ्रांस्वा बर्निये याने बंगालमधील 'बुलपोंज'चे वर्णन केले. काळ्या साखरेपासून गाळलेला अर्क, लिंबाचा रस, पाणी आणि वरून किंचित जायफळ, एवढेच तो सांगतो. हे पुन्हा चारच. पेशाने वैद्य असलेल्या बर्नियेला या पेयाच्या नावापेक्षा त्याच्या परिणामांत अधिक रस होता. बंगालमध्ये युरोपीय लोकांच्या आजारपणाचा संबंध त्याने अशा पेयांच्या अतिरेकाशी जोडला आहे.

पाच ही संख्या आणि पेयाचे नाव यांची सांगड स्पष्ट शब्दांत घालणारा लेखक म्हणजे जॉन फ्रायर. तोही कंपनीचा वैद्य होता. १६७२ ते १६८१ या काळात त्याने पूर्वेकडे प्रवास केला. सुरत, मुंबई आणि गोव्याबरोबरच जुन्नरलाही तो जाऊन आला होता. त्याचे पुस्तक १६९८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. गोव्याजवळच्या नेरुल येथे उत्तम अर्क तयार होतो आणि त्यापासून या किनाऱ्यावरचे इंग्रज 'पाँच' नावाचे दुर्बल करणारे पेय बनवतात, असे त्याने नमूद केले आहे. हे नेरुल बार्देश तालुक्यातील. नवी मुंबईतील नेरूळशी त्याचा संबंध नाही. हिंदुस्थानीत या शब्दाचा अर्थ पाच असल्याचे सांगून फ्रायर पाच औषधांच्या मिश्रणाला वैद्य देत असलेल्या ग्रीक नावाची तुलना देतो. लगेच चार औषधांच्या मिश्रणाचे नावही तो पुढे ठेवतो. म्हणजे पाचाचे स्पष्टीकरण देणाऱ्या मूळ लेखकालाच घटक पाच की चार याची खात्री नव्हती, असे दिसते. पत्रातील पहिला उल्लेख आणि फ्रायरच्या ग्रंथाचे प्रकाशन यांत ६६ वर्षांचे अंतर आहे.

या सर्व नोंदी युरोपीय लोकांच्या आहेत. स्थानिक लोक अशा एखाद्या पेयाला 'पाच' किंवा 'पंच' म्हणत होते, असे दाखवणारे मराठी, गुजराती किंवा फारसी साधन या व्युत्पत्तीच्या समर्थनार्थ पुढे आणले गेलेले नाही. ला बुले-ल-गूझ तर शब्द इंग्रजी असल्याचे सांगतो. पेयांच्या इतिहासाचे अमेरिकन अभ्यासक डेव्हिड वाँड्रिच यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात, हे पेय भारतीयांकडून उचललेले नसून पूर्वेकडे आलेल्या इंग्रजांनीच तेथील साहित्यातून ते घडवले असावे, असे मत मांडले आहे.

स्वराचा प्रश्न

घटकांच्या संख्येइतकाच गंभीर आक्षेप ध्वनिशास्त्राचा आहे. आज इंग्रजीत या शब्दाचा उच्चार मराठी 'पंच'च्या अगदी जवळ जातो आणि त्यामुळे दोन्ही शब्द एकच वाटतात. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र इंग्रजीतील हा स्वर ऱ्हस्व 'उ'सारखा उच्चारला जात असे. त्या काळचा इंग्रज या शब्दाचा उच्चार साधारणपणे 'पुंच' असा करीत असणार. त्याच्याकडून शब्द ऐकलेल्या जर्मन माणसाने तो 'पुंट्झ' आणि फ्रेंच माणसाने 'पोंज' असा लिहिला, यावरूनही तेच सूचित होते. 'पांच'मधील दीर्घ 'आ' किंवा 'पंच'मधील 'अ' ऐकून कोणी 'पुंच' का म्हणावे, हा प्रश्न उरतो.

याला दिले जाणारे उत्तर असे की, इंग्रजीतील हा स्वर सतराव्या शतकातच बदलू लागला आणि 'अ'च्या जवळ आला. पुढे इंग्रजांनी पंडित, पंखा, पंजाब हे शब्द लिहिताना 'अ'साठी तेच स्वराक्षर वापरले. या उत्तरात तथ्य आहे, परंतु १६३२ मध्ये हा बदल पूर्ण झालेला नव्हता. शिवाय हे उत्तर 'पंच' या ऱ्हस्व रूपालाच लागू पडते. बाजारात, बंदरावर किंवा जहाजावर आकडे मोजताना कानी पडणारे रूप 'पांच' हे होते. फ्रायरने शब्दाचे लेखन बदलून 'पाँच' असे केले, ते बहुधा आपले स्पष्टीकरण आणि शब्द यांचा मेळ बसावा म्हणून. इतर इंग्रजांनी ते लेखन उचलले नाही.

पिंपाचा पर्याय

दुसऱ्या मतानुसार पंच हे नाव 'पंचन' या इंग्रजी शब्दाचे आखूड रूप आहे. मद्य साठवण्याच्या आणि वाहून नेण्याच्या एका मोठ्या लाकडी पिंपाला तसे म्हणत. खलाशांची ये-जा अशा पिंपांमध्येच चाले आणि भांड्याचे नाव पेयाला मिळणे ही भाषेतली सामान्य गोष्ट आहे. या मतात स्वराची अडचण येत नाही. त्याची दुबळी बाजू वेगळी आहे. पंच पिंपात नव्हे तर वाडग्यात तयार होत असे. सुरुवातीच्या परकीय रूपांत वाडग्याचा इंग्रजी शब्दच चिकटलेला आहे. पिंपाच्या नावापासून पेयाच्या नावापर्यंतचा मधला टप्पा दाखवणारी नोंदही मिळालेली नाही. त्यामुळे शब्दकोश हा पर्याय सांगतात, पण त्याला पहिल्या मताइतका मान देत नाहीत.

एकंदरीत 'पाच'ची व्युत्पत्ती संभाव्य आहे, सिद्ध नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती पश्चिम किनाऱ्यावरील इंग्रजांना माहीत होती आणि त्यांपैकी किमान एकाला ती पटली होती, एवढे खात्रीने म्हणता येते. नंतरच्या पाककृतींनी पाच घटकांवर भर दिला, त्यात नावाच्या या स्पष्टीकरणाचाही वाटा असावा. अर्थात तसे असेल, तर पाच घटकांमुळे नाव पडले नसून नावामुळे घटक पाच झाले.

घटकांची नावे: अर्क आणि ताडी

पेयाच्या नावाबद्दल वाद असला, तरी त्यातील मूळ मद्याच्या नावाबद्दल नाही. सुरुवातीचे पंच 'अ‍ॅरॅक'पासून बनत असे. हा शब्द अरबी 'अरक' म्हणजे घाम यावरून आला. ऊर्ध्वपातनात भांड्याच्या थंड बाजूवर जमणारे थेंब घामासारखे दिसतात, यावरून गाळलेल्या द्रवाला ते नाव मिळाले. हाच शब्द फारसीमार्गे मराठीत येऊन 'अर्क' झाला. ओव्याचा अर्क, पुदिन्याचा अर्क हे त्याचे नेहमीचे उपयोग. पक्क्या बेरकी माणसालाही मराठीत 'अर्क' म्हणतात. सूर्य किंवा रुईचे झाड या अर्थाचा संस्कृत 'अर्क' हा निराळा शब्द आहे. तुर्कस्तानातील 'राकी' आणि इंडोनेशियातील 'आराक' ही नावेही अरबी मुळाचीच.

पंचसाठी गोव्याच्या अर्काची ख्याती होती. सुरतेला १६८९ मध्ये आलेला इंग्रज धर्मगुरू जॉन ओव्हिंग्टन याने गोवा व बंगाल येथील अर्कांची तुलना केली आहे. बंगालचा अर्क अधिक तीव्र असला, तरी युरोपीय लोक पंचसाठी दोन्ही वापरतात, असे तो सांगतो. गोव्याचा अर्क माडाच्या रसापासून गाळलेला असे. आजच्या गोव्यातील माडाची फेणी ही त्याच परंपरेतली. काजूची फेणी मात्र पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून काजूचे झाड आणल्यानंतरची आहे. तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. 'फेणी' हे नाव फेण म्हणजे फेस या शब्दावरून पडले असे मानतात.

झाडाच्या रसावरूनच दुसऱ्या एका प्रसिद्ध पेयाचे नाव इंग्रजीत गेले आणि त्याच्या व्युत्पत्तीशी पंचची तुलना उद्बोधक ठरते. ताडाच्या कोयत्याने छेडलेल्या पोग्यातून पाझरणारा ताजा रस म्हणजे नीरा. ती आंबली की तिची ताडी होते. माडाच्या आंबलेल्या रसाला कोकणात माडी म्हणतात. कोकणात आणि मुंबईच्या परिसरात झाडावर चढून रस काढण्याचा व्यवसाय परंपरेने भंडारी समाजाकडे होता. 'ताडी'चे इंग्रजी रूप 'टॉडी'. सतराव्या शतकातील प्रवासी हा शब्द वापरताना झाड, रस काढणारा माणूस आणि रस आंबण्याची क्रिया या सर्वांचे वर्णन सोबत देतात. त्यामुळे शब्द आणि वस्तू यांची जोडी निःसंशय जुळते. पंचला असा पुरावा लाभलेला नाही. पुढे अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये मद्य, गरम पाणी व साखर यांच्या मिश्रणाला 'टॉडी' म्हणू लागले. थंडीत किंवा सर्दीवर घेतल्या जाणाऱ्या 'हॉट टॉडी'त ताडाच्या झाडाचा अंशही नसतो, केवळ नाव उरले आहे.

पंचमधील इतर दोन घटकांची युरोपीय नावेही पूर्वेकडचीच आहेत. संस्कृत 'शर्करा' फारसी 'शकर' आणि अरबी 'सुक्कर' या रूपांतून युरोपात पोहोचली. 'लाइम' आणि 'लेमन' ही दोन्ही नावे फारसी 'लीमू'च्या कुळातली असून मराठी 'लिंबू'शी त्यांचे नाते आहे.

नावाचा प्रसार

भूमध्य समुद्राकडून दख्खनमध्ये मद्य येण्याचा इतिहास मोठा आहे. नेवासा येथे १९५४ ते १९५६ या काळात ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या उत्खननात रोमन बनावटीच्या कुंभांचे तुकडे मिळाले. अशा कुंभांतून मद्य आणि तेल आणले जाई. पंचने सतराव्या शतकात उलट दिशेचा प्रवास केला. इंग्लंडहून आणलेली बिअर उष्ण हवेत टिकत नसे आणि वाइन महाग पडे. कंपनीच्या लोकांनी म्हणून स्थानिक अर्काचा आश्रय घेतला. त्याची उग्रता लिंबू व साखरेने कमी केली आणि तीच सवय परतीच्या जहाजांवरून मायदेशी नेली. जॉन एव्हलिन या इंग्रज रोजनिशीकाराने जानेवारी १६६२ मध्ये लंडनजवळ ब्लॅकवॉल येथे नांगरलेल्या कंपनीच्या जहाजावर पंच दिले गेल्याचे नोंदवले आहे. पुढच्या शतकात लंडनमध्ये केवळ पंचसाठी प्रसिद्ध असलेली घरे निघाली. जेम्स अ‍ॅशली याने १७३१ मध्ये उघडलेले पंचगृह त्यांत विशेष गाजले. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे 'पंच हाउस' हा शब्द खलाशांच्या गुत्त्यासाठी वापरला जाई आणि त्याला फारशी प्रतिष्ठा नव्हती.

कॅरिबियन बेटांवर अर्काची जागा उसाच्या मळीपासून केलेल्या रमने घेतली. तेथील प्रचलित सूत्र आंबट एक भाग, गोड दोन, कडक तीन आणि सौम्य चार असे प्रमाण सांगते. त्यातही घटक चारच मोजलेले आहेत, जायफळ वरून भुरभुरण्यापुरते. स्वीडनमध्ये मात्र मूळ अर्क टिकून राहिला. १७३१ मध्ये स्थापन झालेल्या स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारातून तो तेथे पोहोचला आणि 'पुन्श' हे त्यापासून केलेले गोड पेय आजही तेथे मिळते. स्पॅनिश 'पोंचे' व जर्मन 'पुन्श' हे त्याच नावाचे अवतार आहेत. डच भाषेतील 'पोन्स' व्यापाऱ्यांबरोबर जपानला गेला. तेथे लिंबूवर्गीय फळांच्या रसाला ते नाव मिळाले आणि त्यापासून 'पोन्झू' या आंबट चटणीसदृश रसाचे नाव तयार झाले, असे मानले जाते. पाचाची व्युत्पत्ती खरी असेल, तर जपानी जेवणातील एका द्रवाच्या नावात हिंदुस्थानी आकडा दडलेला आहे.

आज पंचची गणना कॉकटेलांत होते. इतिहासात मात्र तो कॉकटेलहून दीड शतकाहूनही अधिक जुना आहे. 'कॉकटेल' या शब्दाची पहिली छापील व्याख्या अमेरिकेत १८०६ मध्ये एका वृत्तपत्राने दिली. तीत मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क असे चार घटक सांगितले असून लिंबू नाही. न्यू यॉर्कच्या जेरी थॉमस याने १८६२ मध्ये काढलेल्या मद्यमिश्रणांच्या पुस्तकात पंचच्या कृतींना मोठी जागा दिलेली आहे. वाडग्याऐवजी एका पेल्यापुरते मिश्रण करण्याची पद्धत वाढली, तेव्हा मद्य, लिंबू व साखर यांवर आधारलेली 'सावर' वर्गातील पेये पंचमधूनच पुढे आली.

नामसाधर्म्य

ठोसा या अर्थाचा इंग्रजी 'पंच' हा या पेयाशी संबंध नसलेला शब्द आहे. लंडनहून १८४१ मध्ये निघालेल्या 'पंच' या विनोदी साप्ताहिकाचे नावही पेयावरून पडलेले नाही. ते कळसूत्री बाहुल्यांच्या खेळातील पंच या पात्राचे नाव असून ते इटालियन 'पुल्चिनेल्ला'वरून आले. तरी साप्ताहिकाच्या पहिल्या संपादकांपैकी एक असलेल्या मार्क लेमन याच्या आडनावावरून, लिंबाशिवाय पंचला चव नाही, अशी कोटी नाव ठरवताना झाल्याचे सांगितले जाते.

त्या साप्ताहिकाच्या धर्तीवर एकोणिसाव्या शतकात मुंबईहून 'पारसी पंच' निघाले. त्याचेच पुढे 'हिंदी पंच' झाले. ठाण्याहून 'हिंदू पंच' हे मराठी पत्र निघत असे. या नावांत इंग्रजी बाहुली आणि निवाडा करणारा देशी पंच असे दोन्ही अर्थ एकत्र आले. 'हिंदी पंच'च्या व्यंगचित्रांतील पात्राचे नाव तर 'पंचोबा' होते. पेयाचा अर्थ त्यात कुठेही नाही. मराठीत 'पंच' हा शब्द एकटा आला की वाचकाच्या मनात अजूनही खेळातला किंवा गावातला पंचच उभा राहतो आणि पेयासाठी 'फ्रूट पंच', 'रम पंच' असे जोडशब्दच वापरले जातात.